सोबत येणाऱ्याचे नाव

माझं नाव भिकन. माझ्या आधीचे दोघे पाळण्यातच गेले, म्हणून तिसऱ्या वेळी आईने मला सुपात घालून शेजारणीच्या पदरात टाकलं आणि पसाभर ज्वारी देऊन परत मागून आणलं. भिकेत मिळालेलं पोर यमाच्या डोळ्यात भरत नाही, असा आमच्याकडचा हिशेब. म्हणजे जन्मल्याबरोबर मी एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत गेलो आणि माझ्यावर जकात भरली गेली. पुढे तेहतीस वर्षं मी धुळ्याच्या जकात नाक्यावर कारकुनी केली, त्यात नवल ते काय?

नाका आग्रा रोडवर. ट्रक थांबायचा, ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवून खिडकीशी यायचा. मी विचारायचो, "काय आहे आत? सांगितलं तर जकात, लपवलं तर दंड." हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन ते देव जाणे. बायकोचं नाव त्याच्या शंभराव्या हिश्शानेही घेतलं नसेल. बोलताना तोंड उघडं, आणि ट्रकचा धूर सरळ खिडकीतून आत. विडी मी कधी ओढली नाही. हे मी सगळ्यांना सांगतो, कोणी विचारलं नाही तरी.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी बायको गेली, सुंदरबाई. आणखी दोन वर्षांनी माझी छाती गेली. धुळ्यातच, देवपुरात माझ्या दोन खोल्या आहेत. पलंगाच्या उशाशी ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर उभा असतो, त्याला पाण्याची बाटली, बाटलीतून नळी, नळी माझ्या नाकात. बसल्या जागी तासदोन तास नळीशिवाय निघतात. आंघोळ केली, दार उघडायला उठलो, की पुन्हा नळीपाशी. बाटलीत बुडबुडे येत राहतात. या घरात माझ्याशिवाय आवाज करणारं तेवढंच आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा तेच जास्त बोलतं.

सिलिंडर बदलायला रुपसिंग यायचा. चोपड्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी पोरगा, आता तिशी ओलांडलेला. गॅस एजन्सीत कामाला. भरलेला सिलिंडर खांद्यावर असा घेतो जसं कोणी झोपलेलं लेकरू घेतं. त्याची माझी पहिली भेट नाक्यावरची. दवाखान्याचे ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन जळगावहून टेम्पो आला होता. दवाखान्याच्या मालाला जकात माफ, पण माफीचा कागद सोबत नव्हता. कागद येईपर्यंत मी टेम्पो दोन तास उभा केला. रुपसिंग त्या टेम्पोवर हमाल होता. हे त्यानेच मला आठवण करून दिलं, हसत.

"त्या दिन तुम्ही आमनी गाडी दोन तास उभी करेल व्हती, नाना. माले याद शे."

"दवाखानामा कोनले काही व्हयनं व्हतं का रे?" मी विचारलं.

"काय माहीत. आम्ही माल उतारा आनि निंघी गऊत."

मीही त्या वेळी चौकशी केली नव्हती. कागद आला, शिक्का मारला, पुढची गाडी.

आता मुलीचं सांगतो. कुंदा, एकुलती एक. नागपूरला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथे तिने एका मल्याळी मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा बंदर खात्यात, नेमणूक अंदमानला, पोर्ट ब्लेअरला. मी नाही म्हटलं. ती ऐकेना. तिच्यात जेवढा हट्ट होता तो माझाच होता, दुसऱ्या कोणाकडून आणणार? शेवटी मी तिच्या आईसमोर बोललो, "कर लग्न. पण तुझ्या दारात मुराळी म्हणून माझे पाय लागायचे नाहीत."

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या सगळ्या मुली माहेरी येतात. पण आपल्या आपण येत नाहीत. बाप किंवा भाऊ न्यायला जातो. तो मुराळी, आणि त्याचं जाणं म्हणजे मुलीला मूळ आलं. मूळ न येता मुलगी पिशवी घेऊन दारात उभी राहिली, की गल्ली विचारते, काय गं, पटत नाही का तिकडे? मुराळी जाणार नाही याचा अर्थ, तुझं माहेर संपलं. कुंदाला तो अर्थ बरोबर कळला. ती म्हणाली, "ठीक आहे, नाना. मग मीही मूळ आल्याशिवाय यायची नाही."

पंच्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हापासून दर वर्षी होळीनंतर तिचं एक पोस्टकार्ड यायचं. एकच ओळ. "यंदा मूळ येणार आहे का? कुंदा." मी उत्तर द्यायचो नाही. सुंदरबाई ती कार्डं कुरडयांच्या डब्यात ठेवायची. कधी मला म्हणाली नाही की जा. पण आखाजीला झोके बांधले गेले की ती दार लावून घ्यायची. ती गेली तेव्हा कुंदाला तार केली. विमानात चार दिवस जागा मिळाली नाही. मग पत्र आलं, "आता येऊन कोणाला भेटू?" बाप घरात जिवंत होता, तरी तिने असं लिहिलं. मला लागलं ते. आणि तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

शहाण्णव साली मार्चमध्ये कार्ड आलं, त्यात दोन ओळी होत्या. "यंदा मूळ येणार आहे का? पुढच्या वर्षापासून विचारणार नाही."

मी ते कार्ड दुपारभर हातात धरून बसलो. तूच ये, असं लिहायला शाई कितीशी लागते? पण अकरा वर्षं जो गेला नाही त्याने आता बसल्या जागेवरून बोलावणं धाडायचं, हे मला पटेना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच. शिवाय जायचं होतं मला. खरंच जायचं होतं. तिच्या दारात उभं राहून, कुंदा, आवर, आखाजी आली, असं एकदा म्हणायचं होतं. मी उलट टपाली कार्ड टाकलं, "येतो. मीच येतो. आखाजीच्या दिवशी पोचतो." इतक्या लांबून सणाला तिला घरी आणणं जमणार नव्हतं, पण मूळ तरी सणाला पोचेल. छातीचं, नळीचं काही लिहिलं नाही. मुराळ्याने आपलं दुखणं सांगत जायचं नसतं.

रुपसिंगला सांगितलं तेव्हा तो सिलिंडरला चावी लावत होता.

"विमानमा बसशात तुम्ही?"

"मंग? मधमा समिंदर शे."

जहाजही जातं मद्रासहून, पण तीन दिवस लागतात. डॉक्टर म्हणाले, भर समुद्रात सिलिंडर संपला तर नाना, भरून कोण देणार? तेव्हा विमानच. मद्रासची गाडी जळगावला थांबते, आणि मद्रासपर्यंत सोडायला रुपसिंगने मालकाकडून रजाही मिळवली. पुढे दोन-अडीच तासांचं विमान. तेवढं माझं मी.

विमानाच्या तिकिटासाठी जळगावला जावं लागलं. लहान सिलिंडर गोणपाटात गुंडाळून मी एस.टी.त चढलो. कंडक्टर म्हणाला, "नाना, याचं अर्ध तिकीट काढायचं का?" मी म्हटलं, "पाच वर्षांच्या आतला आहे." गाडी हसली. पारोळ्याला एका बाईने मला खिडकी दिली. एरंडोलच्या पुढे छाती भरून आली तेव्हा मी नळी लावली, आणि मागच्या सीटवरच्या माणसाने न सांगता सिलिंडर पायाने धरून ठेवला, गाडीच्या धक्क्याने कलंडू नये म्हणून. कोणी फॉर्म मागितला नाही.

नव्या पेठेत मोतीलाल नावाचा तिकीट एजंट आहे. टेबलावर लाकडी विमान, वर पंखा, माणूस गोड. माझा सिलिंडर पाहून त्याने लाकडी विमान जरा बाजूला सरकवलं.

"नाना, असल्या पेशंटसाठी कंपनीचा वेगळा फॉर्म असतो. मुंबईहून मागवतो. पण माझं ऐकाल का? डॉक्टरांकडून नुसतं 'फिट' लिहून आणा. अडीच तास तर बसायचं. आत कोण बघतंय?"

मी फॉर्मच मागवायला लावला. तो आल्यावर देवपूरचे डॉक्टरही तेच म्हणाले. त्यांचं पेन ऑक्सिजनच्या रकान्यावर थांबलं होतं. "सोडून देऊ का हा? लिहिलं की हजार प्रश्न येतील."

मी म्हटलं, "लिहा." तेहतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या गोण्या उघडायला लावल्या, त्याने स्वतःची गोणी शिवून न्यायची? शिवाय वर हवा विरळ, हे डॉक्टरच म्हणाले होते. त्यांनी लिहिलं, ऑक्सिजन लागतो, मिनिटाला दोन लिटर. खाली छापलेलं होतं, वरील माहिती खरी असून काहीही लपवलेले नाही. त्याखाली मी सही केली, आणि मला छान वाटलं. नाक्यावर स्वतःहून माल दाखवणारा एखादा व्यापारी यायचा, त्याच्याकडे मी कौतुकाने बघायचो. तसं कोणीतरी माझ्याकडे बघेल असं वाटलं असावं.

एक रकाना राहिला होता. सोबत येणाऱ्याचे नाव, वय, नाते. मी मोतीलालच्या टेबलाशी बसून त्यात लिहिलं, निल. निल म्हणजे काही नाही. रिकामी गाडी नाक्यावरून गेली की तिच्या पावतीवर आम्ही हाच शब्द लिहायचो.

"हा रकाना असा चालत नाही, नाना," मोतीलाल म्हणाला.

"का? सोबत कोणी नाही, तसं लिहिलं."

"मुलीचं नाव टाका ना. ती येईल मद्रासपर्यंत तुम्हाला घ्यायला. नर्स आहे म्हणता, मग तर प्रश्नच नाही."

मला राग आला. "मोतीलालभाऊ, मुलीला न्यायला निघालेल्या बापाला न्यायला मुलीने यायचं? तुमच्याकडे असं करतात का?"

त्याने फॉर्म पाकिटात घातला. तो सावद्याचा, त्यालाही आखाजी ठाऊक होती. फॉर्म मुंबईला गेला.

घरी रुपसिंगला हे सांगितलं. तो म्हणाला, "मन्हं नाव लिखी टाका. मद्रासलोंग येसच, तर फुडे बी येस."

"नातं काय लिखू?"

"गॅसवाला लिखा."

"ते नातं शे का रे?"

"रोज हवा देस मी तुमले. मंग नातं नही शे?"

पण दुसऱ्या तिकिटाचा जोर माझ्या पेन्शनीत नव्हता. एका छातीला दोन तिकिटं, हा कुठला न्याय? आणि त्याची बायको धनीबाई भरल्या दिवसांत होती, मद्रासहून पुढे त्याला नेणं बरं नव्हतं.

आखाजीला तीन आठवडे असताना कंपनीचं पत्र आलं. इंग्रजी होतं, मोतीलालने वाचून सांगितलं. स्वतःचा सिलिंडर विमानात नेता येणार नाही. कंपनीचा ऑक्सिजन आधी कळवल्यास मिळू शकेल. परंतु सोबत कोणी नसलेला ऑक्सिजनवरचा प्रवासी कंपनी स्वीकारू शकत नाही. दिलगिरी.

प्रवासी स्वीकारता येत नाही, हे मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. नाक्यावर मी माल अडवला, पुष्कळ अडवला. केळी अडवली, कापूस अडवला, तो ऑक्सिजनही अडवला. पण बैलगाडी असो की ट्रक, माणसाला मी कधी म्हटलं नाही की बाबा रे, तू एकटा आहेस, तुला पुढे जाता येणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातली गत. 'फिट' लिहून नेलं असतं तर खिडकीजवळची जागा दिली असती.

मी मराठीत पत्र लिहिलं, मोतीलालने इंग्रजी करून टाईप केलं. मी लिहिलं की नळी मी स्वतः लावतो, स्वतः काढतो, दोन वर्षं रोज करतो आहे. मला उचलून न्यावं लागत नाही. दुसरा माणूस माझ्या शेजारी बसून माझ्या वाटचा श्वास घेणार नाही. तुमच्या विमानात चहा द्यायला माणसं आहेत, त्यातल्या एकाने मी ठीक आहे ना एवढं दोनदा बघितलं तरी पुरे. आणि शेवटी विचारलं की ज्या माणसाला खरंच कोणी नाही, त्याने तुमच्या विमानाने जायचंच नाही का? जायचं नसेल तर तसं फॉर्मवर छापा, म्हणजे डॉक्टरांकडचा हेलपाटा वाचेल.

उत्तर आलं ते आधीचंच पत्र होतं, तारीख नवी. माझा फॉर्म सोबत परत जोडला होता. आखाजीला चार दिवस राहिले होते.

तार ऑफिसात मी खूप वेळ उभा राहिलो. तिथला कारकून चांगला होता, म्हणाला, 'येणे रद्द' असा तयार मजकूर आहे, तो टाकू का? मी नको म्हटलं. कुंदाने अकरा वर्षांत एकदा माझं 'येतो' वाचलं होतं आणि त्यावर आता 'येणे रद्द' वाचायचं? तिला वाटणार, म्हातारा शेवटी आपल्या वळणावर गेला. मी लिहिलं, "विमानाने नाकारले. पत्र येते." मग घरी येऊन फॉर्म आणि कंपनीची दोन्ही पत्रं पाकिटात घातली. आपलं म्हणून एक मोठं पत्र लिहायला बसलो होतो. एकच ओळ झाली, "लपवलं असतं तर पोचलो असतो." रजिस्टर करून टाकलं. तिने मला खोटारडा समजू नये, एवढंच तेव्हा मला हवं होतं. तिला आणण्याची गोष्ट तर गेलीच होती.

आखाजीच्या दिवशी सकाळी मी सुंदरबाईच्या नावाने घागर भरली. नवी मातीची घागर, वर खरबूज. घागर उचलून पाटावर ठेवेपर्यंत मला तीनदा बसावं लागलं. मग धुतलेला सदरा घातला आणि नळी लावून पलंगावर बसलो. विमान पोर्ट ब्लेअरला किती वाजता उतरतं ते मोतीलालने मला केव्हाच सांगून ठेवलं होतं. घड्याळात ती वेळ आली आणि गेली. बाहेर कडुनिंबाला झोके बांधले होते. मुली गात होत्या, सासरच्या खोड्या काढणारी गाणी. त्यातल्या दोन-तीन तर कुंदाच्या बरोबरीच्या, आता त्यांच्या कडेवर पोरं होती. बाटलीतले बुडबुडे वाजत होते. मला वाटलं, ही झडप फिरवावी आणि आवाज बंद करावा. नळी काढली, झडप बंद केली, आणि गाणी जास्तच स्पष्ट ऐकू यायला लागली. पाच मिनिटांत पुन्हा चालू करावी लागली.

दुपारी शेजारच्या पुष्पाबाई ताट घेऊन आल्या.

"सांजोरी शे, नाना. गरम शे तवलोंग खाई ल्या." मग दाराशी थांबून, झोक्यावरच्या मुलींकडे बघत म्हणाल्या, "बठ्ठ्या पोरी उन्यात. कुंदा औंदा बी नही उनी?"

"नही," मी म्हटलं. यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. सांजोरी चांगली झाली होती. मी एक खाल्ली आणि मला रडू आलं, तोंडात घास असताना. चौसष्ट वर्षांच्या माणसाला रडायलाही दम लागतो, आणि माझ्याकडे तेवढा दम नव्हता. नळी नाकात घट्ट दाबून धरली आणि बसून राहिलो.

त्यानंतर महिना गेला. पोस्टमन गल्लीत यायचा आणि पुढे जायचा. रुपसिंगला मुलगी झाली, तो पेढे घेऊन आला. मी विचारलं, नाव काय ठेवलं? म्हणाला, अजून नाही. मी म्हटलं, काहीही ठेव, तिचं मूळ चुकवू नको. त्याला ते कळलं की नाही, ठाऊक नाही. त्याने मान हलवली आणि रिकामा सिलिंडर घेऊन गेला.

मे महिना अर्धा झाला तेव्हा रजिस्टर पाकीट आलं. वरचं अक्षर कुंदाचं. पोस्टमनच्या वहीत सही करून आत आलो. पलंगावर बसलो, नळी लावली, मग फोडलं. आत माझा फॉर्म होता, आणि एक कागद.

"नाना,

आखाजीच्या दिवशी मी विमानतळावर होते. तुमची तार दुसऱ्या दिवशी मिळाली. सगळे उतरले, शिडी काढून नेली, तरी मी उभीच होते. घरी येताना ठरवलं की आता संपलं. मग तुमचं पाकीट आलं.

फॉर्म मी तीन वेळा वाचला. तुम्हाला ऑक्सिजन लागतो हे विमान कंपनीला माहीत आहे, मला नव्हतं. याबद्दल मी तिथे येऊन भांडणार आहे.

बाकी तुम्ही सगळं खरं लिहिलंत, फक्त एक गोष्ट लपवलीत. नाना, निल रिकाम्या गाडीला लिहितात. शाळा सुटल्यावर नाक्यावर तुमच्या शेजारी बसून त्या पावत्यांवर शिक्के मीच मारायची, मला ठाऊक आहे. लपवलं तर दंड, हेही तुम्हीच शिकवलंत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी येते. आठ दिवस राहीन, मग आपण दोघं मद्रासहून इकडे निघू. मूळ न येता आली असं गल्लीत कोणी म्हणालं तर सांगा, ती मूळ म्हणून आली आहे.

कुंदा."

मी फॉर्म उघडला. शेवटच्या रकान्यात माझ्या 'निल'वर तिने निळ्या शाईने सरळ रेघ मारली होती, पट्टी लावून मारतात तशी. वर लिहिलं होतं, कुंदा भिकन बोरसे, वय चौतीस. लग्नानंतरचं नाव कंपनीला कळावं म्हणून पुढे कंसात इंग्रजीत दिलं होतं. नात्याच्या जागीही इंग्रजीत मुलगी असं होतं. आणि त्याच्या आधी, जागा नव्हती तरी बारीक अक्षरात, देवनागरीत, मुराळी.

तेहतीस वर्षं मी लोकांच्या गोण्यांमध्ये हात घालून लपवलेलं शोधून काढलं. सही करताना माझ्या स्वतःच्या कागदावर काय दडवलं होतं, ते मला दिसलं नव्हतं. मला वाटलं होतं की मी खरं लिहितो आहे.

रुपसिंग सिलिंडर घेऊन आला तेव्हा मी तसाच बसलेलो होतो. माझे डोळे पाहून त्याने सिलिंडर दारातच टेकवला.

"काय व्हयनं, नाना?"

"माले मूळ उनं," मी म्हटलं.

मूळ बापाला आलं म्हणतो, म्हणून त्याला वाटलं मी भ्रमलो. मग मी त्याला सगळं वाचून दाखवलं. तो जमिनीवर बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "आनि ज्याले पोरगी नही शे, त्याले?" मी त्याला सांगितलं की हाच प्रश्न मी कंपनीला विचारला आहे, उत्तर आलेलं नाही. कुंदा आहे म्हणून तो प्रश्न मिटला असं मी समजत नाही. दुसरं पत्रही लिहिणार आहे, मोतीलाल कितीही वैतागला तरी.

पण आधी एक काम होतं. कागदावर खाडाखोड झाली की तिच्या शेजारी सही लागते, नाहीतर तो कागद कुठल्याच टेबलावर चालत नाही. ज्याने पहिल्यांदा सही केली, त्याचीच लागते. मी रुपसिंगकडून पेन मागितलं. त्याने सिलिंडरचा नंबर टिपायचं पेन दिलं. कुंदाने रेघ मारलेल्या त्या शब्दाच्या बाजूला थोडी जागा होती. टेकायला काही नव्हतं, म्हणून रुपसिंगने फॉर्मखाली ताट धरलं, आखाजीपासून राहिलेलं पुष्पाबाईंचं. मी सही केली आणि खाली तारीख घातली.